दोन किलोचा चाप

अंबादासतात्यांनी जन्मात कधी संशय घेतला नाही अशा दोनच गोष्टी मला माहीत आहेत. एक सूर्य आणि दुसरं त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट. सूर्याचंही मी छातीठोक सांगणार नाही. दुष्काळाच्या साली सकाळपाळीला गेटवर उभे राहून ते मनगटावरच्या घड्याळाशी त्याची वेळ ताडून बघायचे आणि "आज दोन मिनिटं आदी आला. कावून आला?" असं पुटपुटायचे. बोटाचं मात्र शपथेवर सांगतो. आणि सगळा घोटाळा झाला तो त्या बोटापायीच.

तात्या आमच्या सहकारी साखर कारखान्याचे गेट-जमादार. कारखाना माजलगावच्या अलीकडे, सिंदफणेच्या काठी; म्हणजे नदीला पाणी असलं तर काठी, नाहीतर नुसताच फुफाट्यात. मी टाइम ऑफिसात कारकून. तात्यांची उंची अशी, की ट्रॅक्टरच्या चाकाला हवा आहे की नाही हे बघायलाच तेवढे ते वाकायचे, बाकी ट्रॉलीतला ऊस त्यांना वरूनच दिसायचा. मिशा दोन्ही बाजूंना अशा सरळ, की दारातून आत येताना तिरके होऊन येत. फौजेत पंधरा वर्षं काढलेली. डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. ते म्हणत, नेम धरून धरून तसा झाला. आम्ही म्हणत असू, की उघड्या डोळ्यानं ते माणूस बघतात आणि मिटलेल्यानं त्याच्या खिशात काय आहे ते.

कारखान्यातून साखर बाहेर न्यायचे जितके प्रकार माणसाच्या डोक्यातून निघाले, तितके तात्यांच्या हाताखालून गेले. पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची आणि तात्या एकेकाचा डबा हातात घेऊन नुसता खालीवर करायचे. झाकण उघडायचं कामच नाही.

"उरलेली भाकरी अर्धी, ठेच्याची वाटी, आन् पावशेर साखर. साखर ठिव हितं. भाकरी ने."

पावशेर म्हणजे पावशेरच. एकानं हट्टानं लॅबमधल्या काट्यावर तोलून बघितली, तर काटा चार ग्रॅम जास्त दाखवायला लागला. तात्या म्हणाले, "काटा दुरुस्तीला पाठवा." पाठवला. खरंच चार ग्रॅमनं बिघडलेला निघाला. आता तुम्ही म्हणाल, हा फेकतोय. मी त्या दुरुस्तीच्या पावतीवर सही केलेली आहे.

एक भट्टीवाला गडी होता. हिवाळ्यात घोंगडी पांघरून यायचा आणि घोंगडी पांघरून जायचा. तीन आठवडे कुणाला काही कळलं नाही. एका संध्याकाळी तात्यांनी त्याला जाऊ दिलं, तो चांगला दोनशे पावलं गेला, आणि मग हाक मारली, "पाव्हणं, मागं बगा." गड्यानं वळून बघितलं तर गेटपासून त्याच्या टाचेपर्यंत मुंग्यांची सरळ ओळ. पठ्ठ्या रोज घोंगडी पाकात बुडवून वाळवायचा आणि घरी नेऊन बायकोला उकळायला द्यायचा. तात्यांनी घोंगडी काढून घेतली आणि स्वतःचा स्वेटर त्याला दिला. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घालून आला, तेव्हा स्वेटरचीही झडती झालीच.

चेअरमनसाहेबांच्या गाडीची डिकी ते रोज उघडायला लावत. साहेबांच्या घरी लग्न होतं त्या दिवशीसुद्धा लावली. आत आहेराची लुगडी होती. तात्यांनी एकेक लुगडं झटकून बघितलं, पुन्हा घडी घातली, आणि सलाम ठोकला. साहेब लाल झाले होते. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये हेच सांगून त्यांनी टाळ्या घेतल्या.

सगळ्यात वरताण म्हणजे स्वतःची ड्यूटी संपली की तात्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे आणि हात वर करायचे. नवा शिपाई पहिल्या दिवशी हसला.

"हसलास कावून?"

"तुमची काय झडती घ्यायची, तात्या? तुमच्यावर विश्वास हाय."

"विश्वास हाय तर गेटवर कशाला उभा ऱ्हायलास? देवळात जाऊन बस. घे झडती."

असा हा माणूस पिस्तुलाच्या खेळात पडला, तेव्हा खेळाचं काय होणार ते तुम्हीच ओळखा.

खेळ आणला चेअरमनसाहेबांनी. कुठल्याशा शहरात त्यांनी पोलिसांची स्पर्धा बघितली आणि आल्या आल्या फर्मान काढलं, की आसपासच्या कारखान्यांच्या सुरक्षारक्षकांची नेमबाजी भरवायची. जागेवर उभं राहून कागदावर गोळ्या मारायची साधी नेमबाजी नव्हे. पळत पळत मारायची. जुन्या बॉयलरच्या पत्र्याच्या आठ थाळ्या तीन ठिकाणी उभ्या करायच्या. भोंगा वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, पोत्यांच्या थप्पीआडून दोन थाळ्या पाडायच्या, तिथून मळीच्या पिंपापर्यंत पळायचं, तीन पाडायच्या, वाटेत मॅगझीन बदलायचं, शेवटी भिंतीच्या भोकातून उरलेल्या तीन. जो कमी वेळात पाडील तो पहिला. राहिलेल्या थाळीमागं वेळेत पाच सेकंद वाढवायचे. मागे प्रेसमडचा, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाचा डोंगर होता, गोळ्या गिळायला. माझं अक्षर बरं म्हणून मला नेमबाजी मंडळाचा सेक्रेटरी केलं. माझा आणि पिस्तुलाचा संबंध एवढाच. तात्या मात्र त्या दिवसापासून मला 'शेक्रेटरी' म्हणायला लागले, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द 'संशयित' असल्यासारखा वाटायचा.

कारखान्याचं बत्तीस बोअरचं पिस्तूल पूर्वी कॅशच्या गाडीबरोबर जायचं. ते स्पर्धेसाठी हातात आल्यावर तात्यांनी पहिले आठ दिवस त्यातून गोळीच उडवली नाही. नुसते बघत बसले. पिस्तुलाच्या नळीवर पुढच्या टोकाला जो बारका उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. नेम धरायचा तो तिच्यावरून. तात्यांचा सगळ्या जगात विश्वास त्या माशीवर.

"थाळीकडं बगू नका बे," ते बाकीच्या रक्षकांना सांगायचे. "थाळी फशिवती. थाळी म्हन्ती मी हितं हाय, आन् आसती दुसरीकडंच. माशीकडं बगा. माशी सुईसारखी दिसली पायजे, थाळी धुरकट. उलटं दिसलं तर गोळी गेली नदीत."

माशीला त्यांनी बायकोच्या नखाचा लाल रंग लावला. मूठ घामानं सरकते म्हणून मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं. ट्यूब नवी घ्यायची नाही. नवी गुळगुळीत असते, तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. दोन हातांनी पिस्तूल धरायचं ते असं, की उजव्या हातानं पुढं ढकलायचं आणि डाव्यानं मागं ओढायचं. "दोन हातांचं भांडण लागलं पायजे," ते म्हणायचे, "मंग पिस्तूल मधी गपगुमान ऱ्हातंय."

कमरेचं चामडी पाकीट मात्र मोठा विषय होता. शेजारच्या कारखान्याचे लोक उघड्या तोंडाचं पाकीट वापरायचे; हात घातला की पिस्तूल बाहेर. तात्या म्हणायचे, "जे बाहेर यायला सोपं, ते पडायला बी सोपं." त्यांनी आमच्याच कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचं चामडं मिळवून चांभाराकडून पाकीट शिवून घेतलं आणि त्याची परीक्षा घेतली. रिकामं पिस्तूल आत घालून उड्या मारल्या. जिन्यावरून पळाले. शेवटी उसाच्या गव्हाणीवरच्या लोखंडी तुळईला गुडघे अडकवून उलटे लोंबकळले. पंधरा मिनिटं. पिस्तूल पडलं नाही; खिशातली तंबाखूची डबी, चष्मा आणि वरची कवळी पडली. माझ्या डोळ्यांदेखत.

मॅगझीन तीन होती. प्रत्येकावर रंगानं आकडा घातलेला. एकदा तीन नंबरच्या मॅगझीनमधून गोळी वर यायला अडखळली, तर तात्यांनी त्यावरचा आकडा खोडून 'फितूर' असं लिहिलं आणि ते पुन्हा कधी कमरेला लावलं नाही. पण रोज साफ मात्र करायचे. "फितुरावर जास्त नजर ठिवावी लागती."

पहिल्या वर्षी तात्या दुसरे आले. पहिला आला शेजारच्या कारखान्याचा लिंबाजी हवालदार. बुटका, शांत, तोंडात कायम सुपारी. बोलणं इतकं कमी, की त्याला आवाज आहे हे आम्हाला बक्षीस घेताना कळलं. तात्यांपेक्षा अर्धा सेकंद आधी त्यानं शेवटची थाळी पाडली. झालं. वर्षभर तात्यांना दुसरा विषय नाही.

"त्याचा चाप हलका हाय. बोट लावलं की सुटतंय. येवढ्या लौकर तीन थाळ्या माणसाच्या बोटानं पडत न्हाईत. चाप घासलाय त्यानं."

चापाचा नियम होता. घोडा चढवलेलं रिकामं पिस्तूल नळी वर करून धरायचं आणि चापाला आकड्यानं दोन किलोचं वजन अडकवून अलगद उचलायचं. घोडा पडला नाही तर पिस्तूल चालेल. पडला तर चाप हलका, माणूस बाद. त्या वर्षी वजन लिंबाजीच्या कारखान्याचं होतं. त्यामुळे तात्यांचा वजनावरही संशय. पुढच्या वर्षी स्पर्धा आमच्याकडे, वजन आमचं. तात्या त्या दिवसाची वाट बघायला लागले.

आणि तो दिवस दुष्काळ घेऊन आला.

त्या साली पाऊस पडला नाही असं म्हणणं म्हणजे पावसाचा मान ठेवणं. तो आलाच नव्हता. धरणाच्या तळाला भेगा अशा, की त्यात म्हशीचं शिंग गेलं तर म्हैस उभ्याउभ्या खुंट्याला बांधल्यासारखी राहायची. ऊस चारा छावणीला गेला. बॉयलर पेटला नाही. गोदामात गेल्या सालची थोडी साखर आणि बाकी कबुतरं. माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली. टँकरवाला दुसऱ्या आळीला एक खेप जास्त देतो, छावणीचा मॅनेजर पेंढ्या ओल्या करून जड करतो, ढगसुद्धा अंबाजोगाईकडे मुद्दाम वळतात, असं लोक शपथेवर सांगायचे. तात्या सुखात होते. पहिल्यांदाच अख्खा जिल्हा त्यांच्यासारखा झाला होता.

मग आमच्या आणि लिंबाजीच्या, अशा दोन्ही कारखान्यांच्या संचालक मंडळांची एकत्र बैठक झाली. गाळप बंद, मग दोन दोन गेट-जमादार कशाला? दोन्हीकडे मिळून एकच ठेवायचा. कोणता, यावर चहाच्या चार फेऱ्या झाल्या. ते म्हणाले लिंबाजी, आम्ही म्हणालो अंबादास. शेवटी आमच्या चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला, की यंदाच्या स्पर्धेत या दोघांत जो पहिला येईल तो दोन्ही गेटांचा जमादार. दुसऱ्यानं घरी जायचं. सगळ्यांनी बाकं वाजवली.

तात्यांना निवृत्तीला सहा वर्षं होती. गेट गेलं की कारखान्याची खोलीही जाणार होती. मी त्यांना ठराव वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग कागद उजेडात धरून सही खरी आहे का बघितली आणि म्हणाले, "बराबर हाय. जो जास्त चांगला, त्यानं गेट राखावं."

गोळ्या माणशी वर्षाला वीस. म्हणून सराव कोराच, रिकाम्या पिस्तुलाचा. भर दुपारी रिकाम्या गोदामात तात्या उभे राहायचे, माशीवर साखरेचा एक दाणा ठेवायचे आणि चाप ओढायचे. घोडा 'टक्' करून पडायचा आणि दाणा तिथंच. चाप सरळ मागं गेला तर पिस्तूल हलत नाही, वाकडा गेला तर दाणा पडतो. गेल्या वर्षी मी मोजलं होतं, लागोपाठ दोनशे वेळा दाणा पडला नव्हता. शेवटी मुंगी येऊन घेऊन गेली, म्हणून थांबावं लागलं.

यंदा दाणा पडायला लागला.

आधी दहात एकदा, मग पाचात एकदा, मग रोजच. तात्यांनी कबुतरं हाकलली. पंखांच्या वाऱ्यानं पडतो म्हणून. मग दाणा बदलला. "गेल्या सालच्या साखरेचा दाणाच गोल निघालाय. लॅबवाल्यानं पाक बिघडवला." मग तीन नंबरच्या मॅगझीनवर आळ घेतला, जे पिस्तुलात नव्हतंच.

हे सगळं माझ्याबरोबर आणखी एक माणूस बघत होता. हबीबभाई. माजलगावचा डिझेल इंजिनाचा मिस्त्री. विहिरींना पाणी नाही म्हणून इंजिनं बंद, इंजिनं बंद म्हणून हबीबभाई आमच्या वर्कशॉपात रोजंदारीवर. जगात तात्या ज्याच्या हातात पिस्तूल देत असा हा एकच माणूस. कारण हबीबभाई खोललेला प्रत्येक स्क्रू मोठ्यानं मोजायचा आणि बसवताना पुन्हा मोजायचा. तात्यांना ते गाण्यासारखं वाटायचं.

हबीबभाईनं मला बाजूला घेतलं. "शेक्रेटरी, तुमी बोट बघितलं का तात्याचं?"

"काय झालं बोटाला?"

"सांधा सुजलाय. चाप वढताना आख्खा हात वळतो. दाणा कायकू ऱ्हाईल? म्हातारपण आलंय बोटात, आन् ह्यो मानूस साखरेला शिव्या द्यायला लागलाय."

"मग सांग की त्यांना."

"तुमी सांगा."

आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. तुमच्यापैकी कुणी तात्यांना समोरासमोर काही सांगितलं असेल तर त्यानं मला नावं ठेवावीत.

पुढच्या आठवड्यात पिस्तूल साफसफाईला आलं, तेव्हा हबीबभाईनं आतली स्प्रिंग मोठ्यानं मोजून काढली, तिची एक कडी गुपचूप कमी केली आणि मोठ्यानं मोजून बसवली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी चाप ओढला. दाणा जागच्या जागी. दहा वेळा. पन्नास वेळा. त्या दिवशी तात्या इतके खूश झाले, की चार जणांचे डबे हातात न तोलता सोडले.

"बगितलं का? सराव म्हन्त्यात त्याला सराव! नवा दाणा बरा आलाय."

आता प्रश्न वजनाचा. हलका झालेला चाप दोन किलो कसा पेलणार? त्याचं उत्तर हबीबभाईकडे होतं आणि वजन आमच्याकडे. लोखंडी वजनाला त्यानं खालून लेथवर भोक पाडलं, आतलं लोखंड काढलं, मेण भरलं, वर पत्रा डकवला. दोन किलोचं सव्वा किलो झालं. रंग एकानं मारला. रंग इतका छान मारला होता, की काल टाकसाळीतून आल्यासारखं दिसत होतं. तो एक जण कोण ते हबीबभाईनं आजवर सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. आता सांगतो, मीच.

आमचं चुकलं ते इथं. बावीस वर्षं डबे उचलून आत किती साखर आहे ते सांगणाऱ्या माणसापुढे आम्ही पोकळ वजन ठेवायला निघालो होतो. एवढी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नाही. आम्हाला वाटलं, वजन हाताळणार मी, तात्या कशाला हात लावतील?

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर दोन्हीकडचे संचालक खुर्च्यांवर, आणि कडेनं छावणीतले शेतकरी. दुष्काळात दुसरा तमाशा नव्हता, म्हणून लांबच्या कडा गावाहूनसुद्धा लोक आले होते. टेबलावर वजन. मी आकडा जोडला, आणि तात्या आले. लिंबाजीच्या पिस्तुलाकडे बघत बघत त्यांनी सहज वजन उचललं. खालीवर केलं. एकदा. दोनदा.

मी हबीबभाईकडे बघितलं. हबीबभाई प्रेसमडच्या डोंगराकडे बघत होता.

"हे दोन किलो न्हाई," तात्या म्हणाले.

त्यांनी वजन पुन्हा खालीवर केलं.

"सव्वा किलोला चार-दोन ग्रॅम वरखाली. लिंबाजी, कुनी दिलं रं हे? तुज्या मानसानं बदललं?"

लिंबाजीनं नुसती मान हलवली. चेअरमनसाहेब घाईनं उठून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अहो तात्या, वजन आपलंच आहे. राहू द्या. लोक आहेत समोर."

"आपलं हाय?"

"आपलंच. आणि कमी असलं तर तुमचाच फायदा नाही का? चालू द्या."

"फायदा हाय म्हनूनच शंका हाय, सायेब."

हे त्यांनी हळू म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तात्यांचा हळू आवाजही पार कडा गावापर्यंत जायचा. कडेच्या गर्दीतून एक शेतकरी ओरडला, "ओ चेअरमन, खेळातलं वजन असं, तर आमच्या उसाच्या काट्याचं कसं?" संचालक मंडळ खुर्च्यांमध्ये एकदम बुटकं झालं. साहेबांच्या कपाळावरचा घाम मी मोजला नाही, पण छावणीतली दोन जनावरं त्यावर पाणी पिऊन गेली असती.

तात्यांनी फाट्यावरच्या किराणा दुकानातून शिक्क्याची एकेक किलोची दोन वजनं मागवली. दोन्ही हातांत तोलून बघितली. मान डोलावली. आकड्याला एकत्र बांधली.

"आदी कुनाचं?" लिंबाजीनं विचारलं. त्याचा त्या दिवशीचा पहिला शब्द.

"माजं. ज्यानं शंका काढली, त्याचं पैलं."

मी म्हणालो, "तात्या, पाहुण्यांचा मान आधी." माझा आवाज एखाद्या वासरासारखा निघाला.

"शेक्रेटरी, धर."

रिकामं पिस्तूल त्यांनी नळी आभाळाकडे करून धरलं, घोडा चढवला. मी आकडा चापात अडकवला. तात्यांनी वजन टेबलावरून अलगद उचललं. पूर्ण उचललंही गेलं नव्हतं. टक्. घोडा पडला.

"परत."

पुन्हा टक्.

तिसऱ्यांदा त्यांनी वजन उचललं नाही. पिस्तूल खाली ठेवलं आणि आधी लिंबाजीचं मागितलं. त्याच्या चापाला वजन अडकवलं, उचललं. वजन पाळण्यासारखं दोनदा हललं आणि स्थिर झालं. घोडा जागचा हलला नाही. तात्यांनी ते तसंच धरून ठेवलं. मला वाटलं आता सोडतील, मग सोडतील. मिनिट उलटून गेलं, तरी त्या पिस्तुलाचा घोडा काही पडेना. वर्षभर ज्या चापाला त्यांनी नावं ठेवली, तो दोन किलो घेऊन सरळ उभा होता.

"शेक्रेटरी, लिव्ह. अंबादास. बाद."

मी लिहिलं. माझं सुंदर अक्षर मला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसं वाटलं.

मग तात्या वळले. "माज्या पिस्तुलाला एकाच मानसाचा हात लागतो."

हबीबभाई पुढं आला. "मीच. स्प्रिंग मीच कमी केली. वजन बी मीच."

"कावून?"

"दाणा पडत होता, तात्या. रोज पडत होता. तुमी साखरेला बोलत होता, कबुतरांला बोलत होता. मला बघवंना."

तात्यांनी उजवा हात समोर धरला. त्या बोटाकडे बघितलं. मी त्यांना डबे बघताना पाहिलं आहे, डिकी बघताना पाहिलं आहे, सूर्याकडे बघताना पाहिलं आहे. बोटाकडे असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. ते वाकवलं. ते पूर्ण वाकलं नाही.

"सांगायचं व्हतं, हबीब."

"तुमाला कोन सांगनार?"

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. चेअरमनसाहेब घसा साफ करून म्हणाले, की मग नियमाप्रमाणे लिंबाजी दोन्ही गेटांचा जमादार. त्यांना हे सगळं लवकर संपवून गर्दी घरी घालवायची होती.

लिंबाजीनं तोंडातली सुपारी थुंकली. "असं नगं. न पळता कसला पैला? मी बी पळतो, तात्या बी पळत्याल." आणि स्वतःचं पिस्तूल उलटं करून, मूठ तात्यांकडे धरून म्हणाला, "माजं घ्या."

"मी बाद हाय."

"शेक्रेटरीला लिवू नगा म्हनावं. नुस्तं पळा."

आतापर्यंत मी बऱ्याच गोष्टी फुगवून सांगितल्या, हे मान्य. ही सांगतो तशीच झाली. तात्यांनी ते पिस्तूल घेतलं, कमरेच्या पाकिटात घातलं, मी भोंगेवाल्याला खूण केली, भोंगा वाजला. पिस्तूल बाहेर यायला वेळ लागला नाही. हात अजून तोच होता. पहिली गोळी थाळीच्या खाली मातीत गेली. तात्या थांबले. स्पर्धेत कुणी थांबत नाही. ते थांबले, आणि पहिलं बोट चापावरून काढून मधलं बोट आत घातलं. मग सावकाश, अगदी सावकाश, एकेक थाळी. पिंपापर्यंत पळाले नाहीत, चालत गेले. मॅगझीन बदलताना खाली बघितलं नाही. भिंतीच्या भोकापाशी गुडघे टेकले. सात थाळ्या पाडल्या. आठवी राहिली, मोजून मिळालेल्या आठ गोळ्या संपल्या. घड्याळ माझ्या हातात होतं. मी ते चालू केलं नव्हतं.

लिंबाजी नंतर पळाला आणि आठही पाडल्या. पण तो नंतर. त्याआधी तात्या उभे राहिले, मॅगझीन काढलं, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागं ओढून अडकवला आणि नळीची रिकामी जागा दिसेल असं पिस्तूल लिंबाजीपुढे धरलं. तसा नियम आहे. खेळ संपला की पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवायचं आणि समोरच्यानं बघून 'साफ' म्हणायचं.

लिंबाजी त्यांच्या तोंडाकडेच बघत होता. म्हणाला, "साफ."

तात्यांनी पिस्तूल हलवलं नाही.

"न बगता म्हनू नकोस. गेट आता तुजं हाय. बगून म्हन."

लिंबाजी वाकला. नळीत बघितलं, बोट घालून चाचपलं, पुन्हा बघितलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "साफ हाय, तात्या."

तात्यांनी पिस्तूल त्याच्या हातात दिलं आणि रणरणत्या उन्हातून खोलीकडे गेले, सामान बांधायला.